कॅट म्हणजे मांजर

‘रॅन्सिड’ हा शब्द मला सात वर्षं पाठ होता आणि त्या सात वर्षांत त्याचा वास मला एकदाही आला नव्हता. वहीत लिहिलेलं होतं : रॅन्सिड – कुजट. स्पेलिंग बरोबर, पुढे ‘वि.’ म्हणजे विशेषण, सगळं जागच्या जागी. झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. मग एका मे महिन्यात आई कराडहून माझ्या पुण्याच्या खोलीवर राहायला आली. चहासुद्धा न घेता, पदर खोचून तिनं फळीवरचे डबे उघडायला सुरुवात केली. सुक्या खोबऱ्याच्या डब्याचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि तो डबा माझ्यापुढे धरला.

“खवट झालंय हे. असलं घालतोस आमटीत?”

मी वास घेतला. जुन्या तेलाचा, टाळूला चिकटून बसणारा, थुंकला तरी न जाणारा वास. आणि इतकी वर्षं वहीत निपचित पडून राहिलेला तो शब्द अचानक उठून बसला. रॅन्सिड कुजट नव्हेच. कुजतो तो पाला, कुजतं ते सरपण. हे खवट. तेल, तूप, लोणी, खोबरं, शेंगदाणे, म्हणजे ज्यात स्निग्धता आहे तेच खवट होतं आणि इंग्रजीतही तेच रॅन्सिड होतं. दूध नासतं, भात आंबतो, आमटी विटते, भाकरी शिळी होते, लोणच्यावर बुरशी धरते. तिकडेही पाव ‘स्टेल’ होतो, अंडं ‘ॲडल्ड’ होतं आणि रॅन्सिड होतं ते लोणीच. आईच्या फळीवर डबे जसे ठरलेल्या जागी असत, तसे हे शब्द दोन्ही भाषांत आपापली जागा धरून होते. माझ्या वहीत मात्र सगळ्यांना मिळून एकच डबा : खराब.

दोष त्या ‘म्हणजे’चा होता.

आमच्या पिढीच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. पुढे २००० साली महाराष्ट्रानं ते पहिलीपासून आणलं, पण आम्ही दहा वर्षांचे होईस्तोवर त्या लिपीशी आमचा संबंध बिस्किटाच्या पुड्यापुरता. मग एकदम जून उजाडला आणि पन्नास गळे एका सुरात ओरडू लागले : सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. एस एच ओ आर टी शॉर्ट, शॉर्ट म्हणजे आखूड. मधल्या ‘म्हणजे’वर सगळ्यांचा जोर, जणू समच तिथे. गुरुजी छडीनं टेबलावर ठेकाही तिथेच द्यायचे. त्या ठेक्यातून आमच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली, की प्रत्येक इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द नेमून दिलेला आहे, रेशन कार्डावर माणूस लावतात तसा. तो शोधला की काम झालं.

तो शोधायला घरात वडिलांची डिक्शनरी होती. तिचा पुठ्ठा गेलेला आणि त्याबरोबर पहिली काही पानंही, त्यामुळे माझं इंग्रजी बराच काळ ‘ॲक्ट’पासून सुरू होत असे. तिच्यात मराठी अर्थ दिलेले होते खरे, पण ती मराठी आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. ‘ॲस्ट्रिन्जंट’पुढे छापलं होतं ‘स्तंभक’. मी स्तंभाशी, म्हणजे खांबाशी त्याचा काहीतरी संबंध लावून मोकळा झालो. इंग्रजी शब्द अवघड म्हणून कोश उघडावा तर आत त्याहून अवघड मराठी शब्द बसलेला. त्याचा अर्थ कुणाला विचारावा? फार वर्षांनी एका साबणाच्या की दाढीच्या कसल्याशा बाटलीवर तो शब्द परत भेटला, तेव्हा लक्षात आलं की हे तर ‘तुरट’. आवळा, कच्चं जांभूळ, सुपारी, आणि दाढी झाल्यावर न्हावी गालावरून फिरवायचा ती तुरटी. तोंड कोरडं करणारा हा अनुभव मला पाचवीच्या आधीपासून होता. कोशकारानं तो औषधाच्या दुकानातून मागवला. खोटं कशाला बोलू, त्या वाटेनं माझी संस्कृतप्रचुर मराठी मात्र बरीच सुधारली. ‘आस्थगन’ हा शब्द मी जगात फक्त एका इंग्रजी शब्दासाठी शिकलो आहे आणि अजून कुठे वापरलेला नाही.

(१९७८ साली लाँगमननं जो कोश काढला त्यात सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचे असा नेम केला होता. मला तो फार उशिरा मिळाला. तेव्हा मी स्तंभकाच्या पलीकडे पोचलो होतो.)

अकरावी-बारावीत अंगात आलं ते धातूंचं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुइसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आणलं, जुनं, कुणीतरी निम्म्यापर्यंत पेन्सिलीनं सोडवलेलं. ते पुस्तक १९४९चं आहे, पण आपल्याकडे त्याला मरण नाही. मुळं ओळखा, शब्द आपोआप कळतील, हा त्याचा खाक्या. आठवीपासून संस्कृत घेतलेल्या पोराला ही मेजवानीच होती. दंत आणि डेंटल, नाम आणि नेम, पद आणि पेडेस्ट्रियन. अरे, ही तर आपलीच भावकी! त्या धुंदीत लहान मुलांच्या डॉक्टरला मी पायांचा डॉक्टर ठरवलं होतं. ते ‘पेड’ ग्रीक, मुलाचं, आणि हे लॅटिन, पायाचं, हे पुढच्या पानावर लुइसनंच सांगितलं होतं; मी तोवर वाट बघितली नाही.

पण खरी शिक्षा कराडच्या कोल्हापूर नाक्यावर झाली. हमरस्त्यानं जाणाऱ्या टँकरच्या पाठीवर लाल अक्षरात लिहिलेलं असे : हायली इन्फ्लेमेबल. ‘इन’ म्हणजे नकार. इनव्हिजिबल, न दिसणारं; इनकरेक्ट, बरोबर नसलेलं; तर मग इन्फ्लेमेबल, न पेटणारं. ‘हायली’, म्हणजे मुळीच न पेटणारं. ही विद्या मी चहाच्या गाड्यावर धाकट्या मावसभावाला मोठ्या अधिकारानं शिकवली. शेजारी बिडी ओढत उभा असलेला ड्रायव्हर ऐकत होता. तो काही बोलला नाही. फक्त पाच-सहा पावलं लांब जाऊन बिडी विझवून आला आणि टँकरची दुसरी बाजू दाखवली. तिथे मराठीत लिहिलं होतं : अत्यंत ज्वालाग्राही. हा ‘इन’ नकाराचा नव्हे, आत शिरण्याचा. ज्या लॅटिन क्रियापदावरून हा शब्द आला ते त्या ‘इन’सकटच आहे. माझ्यासारखे जगात पुष्कळ निघाले असावेत, कारण पुढे धोक्याच्या पाट्यांवरून ‘इन’ काढून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायची पद्धत पडली.

मग इंजिनिअरिंगचं हॉस्टेल. माझ्या खोलीतला मुलगा जीआरईची तयारी करत होता आणि त्याच्याकडे बॅरन्सचं जाडजूड पुस्तक होतं, साडेतीन हजार शब्दांच्या यादीचं. मी ते सहज उघडलं आणि थबकलो. यादीची सुरुवात : अबेस, अबॅश, अबेट. वडिलांच्या डिक्शनरीतली हरवलेली पानं मला सापडली होती! अमेरिकेला जायचा माझा इरादा नव्हता, ऐपत तर नव्हतीच; पण यादी मीही सुरू केली.

कार्डं हवी होती. विकतची परवडणारी नव्हती. त्या वर्षी कराडला घरी गेलो तेव्हा माळ्यावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला. आई कुणाचीही पत्रिका टाकून देत नसे. कात्रीनं एकेका पत्रिकेचे चार-चार तुकडे केले. कोऱ्या बाजूला शब्द लिहायचा, छापील बाजूला जिथे मोकळी जागा सापडेल तिथे अर्थ. पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे लावून कप्पे केले. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. चुकलं की कितीही पुढे गेलेलं असो, परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, पुढचे त्याहून उशिरा. ही युक्ती लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं १९७२ साली पुस्तकात मांडली आहे. तिच्यामागचं दुःख त्याहून जुनं. एबिंगहाउस नावाच्या दुसऱ्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच ती विसरून, विसरण्याचा वेग १८८५ साली मांडला. पहिल्या दिवसातच बरंचसं निसटतं, मग जे उरतं ते सावकाश जातं. आज हेच काम मोबाइलमधलं ॲप करतं आणि कप्पेही तेच मोजतं.

फक्त ॲपमध्ये पत्रिका नसते. ‘ॲबस्टीमियस’, म्हणजे खाण्यापिण्यात संयमी, हा अर्थ मी ज्या तुकड्यावर लिहिला होता त्यावर छापलेलं होतं : भोजन दु. १२ ते ३. ‘सॉलिटरी’च्या मागे ‘सहकुटुंब सहपरिवार’. ‘इफेमरल’, क्षणभंगुर, बरोब्बर ‘शुभमुहूर्त’च्या खाली. हे मी ठरवून केलं नव्हतं, कात्रीनं केलं. पण साडेतीन हजारांपैकी जे शब्द आज तीस वर्षांनी जिवंत आहेत, ते बहुतेक असे कुठल्या तरी वऱ्हाडात सापडलेले. बाकीचे कुठे गेले कुणास ठाऊक. ऑगस्ट २०११मध्ये जीआरईनं विरुद्धार्थी शब्द आणि ॲनॉलॉजीचे प्रश्नच काढून टाकले तेव्हा मला उगीच, आपली गल्ली रस्तारुंदीत गेल्यासारखं वाटलं होतं.

किती शब्द लागतात? मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षक आपल्याच बाजूला, ढाक्याला, बंगाली मुलांना शिकवत असे. पोरं वाचताना कुठे अडतात हे पाहता पाहता तो शब्द मोजू लागला. १९५३ साली त्याची दोन हजारांची यादी आली. तेवढ्यात साध्या लिखाणातले शंभरातले ऐंशी शब्द येऊन जातात. अठ्ठ्याण्णव यायला हवे असतील, तर पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाच्या हिशेबानं आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. म्हणजे पहिले ऐंशी दोन हजारांत, आणि वरच्या अठरांसाठी त्याच्या तिप्पट कष्ट. डोंगर चढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

पण मोजदादीत एक गोष्ट येत नाही, ती तोंडाची. माझे सगळे भारी शब्द डोळ्यांनी आत आले होते. देवनागरीवर वाढलेला माणूस अक्षरावर विश्वास ठेवतो. लिहिलं तसं म्हणायचं, यात फसवणूक असेल असं त्याच्या मनातही येत नाही. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका बैठकीत मी मोठ्या झोकात म्हणालो, अमुक गोष्ट म्हणजे सरळपणाचं ‘एपिटोम’ आहे. कुणी हसलं नाही. माझ्या समोर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एक ज्युनिअर मुलगी बसली होती. तिनं दोन मिनिटं जाऊ दिली, मग दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलताना वाक्यात हलकेच तो शब्द घेतला : एपिटमी. माझ्याकडे न बघता. पंगतीत कुणाच्या पानात काही पडलं, तर शेजारच्यानं वर न बघता वाटी पुढे सरकवावी तसं. त्या रात्री मी घरी जाऊन माझ्या यादीतला प्रत्येक शब्द उच्चारासाठी पुन्हा तपासला. ‘हायपरबोल’ नव्हतं, ‘ऑरी’ नव्हतं, ‘फकाडे’ तर नव्हतंच नव्हतं. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तिनं जे झाकलं ते उघडं पडलं असतं.

आणि जिथे उच्चार बरोबर, अर्थही बरोबर, तिथे समुद्र आडवा येतो. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला मी लिहिलं, की तुमच्यासाठी आमच्याकडे एक चांगली ‘स्कीम’ आहे. योजना म्हणजे स्कीम. रोजगार हमी योजना, एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम. महाराष्ट्र शासनाच्या कागदावरचा शब्द, याहून खात्रीचा कुठला? तिकडून उत्तर आलं ते जरा आखडून. साहेबांनी मला बोलावून समजावलं, की अमेरिकन कानाला या शब्दातून कारस्थान ऐकू येतं. इंग्लंडात तो निष्पाप, भारतात सरकारी, अमेरिकेत संशयित.

मला वाटतं, शब्द कळणं आणि शब्दाचे सोयरे कळणं यात खरा फरक आहे, आणि तो मला इंग्रजीनं नव्हे, मराठीनंच दाखवला. एकदा माझा एक तमिळ सहकारी, मराठी नव्यानं शिकणारा, खिडकीबाहेर बघून म्हणाला, “झेंडू किती पिवळागार आहे!” आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता मी गप्प झालो. काय चुकलं त्याचं? हिरवागार चालतं. थंडगार चालतं. मग पिवळा गार का होऊ नये? पिवळा धमक असतो, लाल भडक, काळा कुट्ट, पांढरा शुभ्र. रात्र किर्र, ऊन रखरखीत, माणूस ओलाचिंब आणि विहीर कोरडीठाक. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि याचा नियम मला सांगताही येणार नाही. तो बिचारा ‘गार म्हणजे खूप’ असं वहीत लिहून बसला होता. त्याच्या जागी मी होतो, बरोब्बर मीच. इंग्रजी पाऊस जड असतो आणि चहा बलवान. उलट केलं की झेंडू पिवळागार.

हॉर्नबी नावाच्या इंग्रज कोशकारानं हेच ओळखलं होतं. परक्या माणसासाठी इंग्रजी कोश करायचा, तर नुसता अर्थ देऊन भागणार नाही, शब्द कुणाबरोबर बसतो-उठतो तेही दिलं पाहिजे. त्याचा असा कोश १९४२ साली निघाला तो टोकियोत, जपानी विद्यार्थ्यांसाठी; १९४८ साली ऑक्सफर्डनं घेतला आणि पुढे जगभर गेला. इंग्रजांना इंग्रजीचा असा कोश कधी लागलाच नसता. पिवळा गार का नसतो, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत पडला नव्हता, तसाच.

या सगळ्याच्या उलट्या दिशेनं आलेला एक माणूस मला अलीकडे फार जवळचा वाटू लागला आहे. जेम्स मोल्सवर्थ, कंपनीच्या फौजेतला कोवळा अधिकारी. शास्त्रीमंडळींना हाताशी धरून, मराठी शब्द गोळा करत बसलेला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत. माझी वही आणि त्याची वही एकच, फक्त त्याच्या डाव्या बाजूला मराठी. आणि तो ‘म्हणजे’वर थांबत नाही. एका मराठी शब्दापुढे कधी चार, कधी सहा इंग्रजी शब्द रांगेनं उभे करतो, हा नाही तर तो, आणि तरी समाधान झालं नाही की सांगतो कुठल्या प्रसंगी, कुणाविषयी, कसा. कठीण इंग्रजी शिकायला मी आता उलटीकडून हाच कोश वाचतो. शब्द पावणेदोनशे वर्षांचे आहेत, वापरले तर लोक बघत राहतील, पण माझा खवट आणि माझा तुरट तिथे पोचल्याचं समाधान आहे. शिवाय इंग्रजीनं आपल्याकडून ‘मुंगूस’ नेलं आणि त्याचं मोंगूस केलं, म्हणजे उच्चाराची फिटंफाट झालीच.

गेल्या दिवाळीत मुलीला शाळेसाठी फराळावर एक पान इंग्रजीत लिहायचं होतं. ती नववीत, इंग्रजी माध्यम. तिला वही लागत नाही, शब्द तिच्याकडे चालत येतात. आई ओट्याशी शंकरपाळे तळत होती.

“काय लिहिलंस गं शंकरपाळ्याचं?”

“क्रिस्पी.”

“म्हणजे?”

“कुरकुरीत, आजी.”

“कुरकुरीत चकली. शंकरपाळा खुसखुशीत असतो. मोहन काय कुरकुरीत करायला घालते होय मी?”

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी ‘फ्लेकी’ सुचवलं. तिनं ते आजीला उलगडून सांगितलं : पापुद्रे सुटतात तसं. “ते चिरोट्याचं,” आई म्हणाली. ‘क्रंब्ली’ सांगून बघितलं. “तो भुगा झाला. बिघडलेला.” साडेतीन हजार शब्द संपायला आले. मग मुलगीच एक शंकरपाळा तोंडात टाकून म्हणाली, “बाबा, ती शॉर्टब्रेडची बिस्किटं असतात ना, तसं लागतंय. पण त्याला शॉर्ट का म्हणतात?”

मी एक जाडजूड इंग्रजी कोश काढला. ‘शॉर्ट’खाली लांबलचक रांग, आणि त्या रांगेत खाली, स्वयंपाकाचा अर्थ : पीठ भरपूर स्निग्ध घालून मळलेलं, म्हणून सहज मोडणारं. त्यासाठी जे तूप-लोणी घालायचं ते ‘शॉर्टनिंग’. मोहन! पाचवीच्या बाकावर, छडीच्या ठेक्यावर, पन्नास गळ्यांनी पाठ केलेला शब्द.

मी ओट्याशी जाऊन आईला सांगितलं, की शंकरपाळ्याला इंग्रजीत शॉर्ट म्हणतात.

“आखूड?”

“हो.”

“आणि मोहन कमी पडलं तर? लाँग?” असं म्हणून तिनं पुढचा घाणा तेलात सोडला.